खुनानंतरच्या घरी: मदत पथकाची धुरा पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी

पथकाची जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा आधीच्या ताईंनी मला दोन वस्तू दिल्या. एक कपाटाची किल्ली आणि एक लांबट, हिशेबाची असते तशी वही. वहीत एका कुटुंबाला एक पान. वर आडनावाचं पहिलं अक्षर आणि गाव, खाली नुसत्या तारखा. मी विचारलं, त्या घरात काय घडलं ते यात कुठं आहे? ताई म्हणाल्या, "ते पोलिसांच्या कागदात आहे. आपण पुढचं लिहायचं."

आमचं पथक आठ जणांचं, मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी. ज्यांच्या घरातल्या माणसाचा खून झाला आहे अशांना साथ द्यायची, एवढंच काम. हे काम म्हणजे सांत्वन, अशी समजूत घेऊन मी आले होते. पण सांत्वनाला भावकी येते, गाव येतं, पुढारीही येतात. तेराव्याला मांडव निघतो आणि सगळे आपापल्या घरी जातात. पुढे पाच-सात वर्षं कोर्टकचेरी चालते, तिथं त्या घराबरोबर कुणी नसतं. पथकप्रमुखाने सांभाळायच्या असतात त्या या पुढच्या तारखा.

आधी माणसं निवडा

एखाद्या खुनाची बातमी गाजली की "मला काम करायचंय" म्हणत चार जण येतात. मी त्यांना चहा पाजते आणि महिन्याने या म्हणते. निम्मे येत नाहीत. जे येतात त्यांच्यात मी तीन गोष्टी बघते. समोरचा रडत असताना गप्प बसता येतं का, हवालदाराच्या अक्षरातला पंचनामा वाचता येतो का, आणि सरकारी टेबलापुढे आवाज न चढवता दोन तास थांबता येतं का. यातली तिसरी गोष्ट सर्वांत दुर्मिळ.

ज्यांच्या स्वतःच्या घरात खून झालाय त्यांना घ्यावं का, हा प्रश्न नेहमी येतो. घ्यावं. अमेरिकेत सिनसिनाटीला हलिंजर दांपत्याने मुलीच्या खुनानंतर १९७८ साली सुरू केलेला पालकांचा गट अशाच माणसांच्या जोरावर उभा राहिला. मात्र त्यांचा स्वतःचा खटला संपलेला असावा. तारखा चालू असलेला माणूस दुसऱ्याच्या घरात बसला की थोड्या वेळात तो आपलीच केस सांगू लागतो.

वकिली करणाऱ्यांना सल्ल्यासाठी ठेवा, घरभेटीला पाठवू नका. दुसऱ्या दिवशी त्या घरात वकीलपत्र गेलं तर गावात पथकाचं नाव वेगळ्याच कारणाने निघतं.

जोडी करून पाठवा, शक्यतो एक बाई आणि एक पुरुष, आणि ती जोडी बदलू नका. एका जोडीकडे एका वेळी चारपेक्षा जास्त घरं देत नाही, हा आमचा नियम आहे. तो मी एकदा मोडला. सहावं घर दिलेल्या जोडीने दोन घरांच्या तारखा उलटसुलट केल्या आणि एक आई कोर्टात एकटीच बसून राहिली.

पहिला दिवस

फोन कुणाचाही येतो. कधी बीट अंमलदाराचा, कधी सरपंचाचा. पहिली भेट बहुतेक वेळा सिव्हिलमध्ये, शवागाराच्या बाहेरच होते.

असाच एक भाऊ आठवतो. हातात कॅरीबॅग, आत नवं पांढरं कापड, हळदी-कुंकवाची पुडी. संध्याकाळचे सहा वाजून गेलेले. तो प्रत्येक पांढऱ्या कोटाला एकच विचारत होता, "किती वाजता देतील?" सगळे "बघू" म्हणून पुढे जात होते. खरं उत्तर होतं, "उद्या सकाळी." सूर्यास्तानंतर शवविच्छेदनाला केंद्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली खरी, पण खून आणि संशयास्पद मृत्यू त्यातून वगळले आहेत. कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असेल तरच अपवाद. आमच्या सहकाऱ्याने त्याला हे नीट सांगितलं. तेव्हा तो पहिल्यांदा खाली बसला आणि घरी फोन केला, "म्हाताऱ्यांना झोपवा, उद्या येतो." नव्या माणसाने पहिल्या दिवशी एवढं केलं तरी पुष्कळ. ज्याचं उत्तर ठाऊक आहे ते सांगायचं, नसेल तर माहीत करून घेऊन परत यायचं.

देह ताब्यात मिळण्याआधी घरच्यांना तयार करा. छातीपासून खाली टाके असतील, डोक्याला पट्टी असेल, अंगावरचे कपडे आणि दागिने पोलिसांनी जप्त केलेले असतील. बायकोला मंगळसूत्र हवं असतं आणि ते मुद्देमालात गेलेलं असतं. पुढे कोर्टाकडे अर्ज करून ते परत मागता येतं, हे तिथंच सांगा. "बायकांनी बघू नये" असं कुणीतरी म्हणणारच. आईने बघायचं की नाही हे चुलत्याने ठरवू नये. तिलाच विचारा, आणि ती नाही म्हणाली तर आग्रह धरू नका.

भाषेचं एक. पोलीस म्हणतात 'मयत', डॉक्टर म्हणतात 'बॉडी'. आपण नावच घ्यायचं. बाळूचं बाळूच राहू द्या.

आणि फोन. हल्ली घटनास्थळाचे फोटो पंचनाम्याआधी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचतात. घरातल्या एखाद्या जाणत्या पोराला बाजूला घेऊन आई-वडिलांच्या आणि लहानग्यांच्या मोबाईलमधली फोटो आपोआप उतरवून घेण्याची सोय बंद करायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे. एका बहिणीने भावाचा तसला फोटो भाजी निवडताना पाहिला होता. ती आजही फोन उपडा ठेवते.

काय विचारायचं नाही

"काय झालं हो?" हा प्रश्न आमच्याकडे बंद आहे. कारण निव्वळ माणुसकीचं नाही. घरातली माणसंच बहुधा साक्षीदार असतात. फिर्यादी भाऊ असतो, शेवटचं बोलणं बायकोशी झालेलं असतं. आपण घटनेवर बोलत बसलो, शंका काढल्या, "मग तो तिथं कसा आला?" असं विचारलं, तर त्यांच्या आठवणीत आपले शब्द मिसळतात. तीन वर्षांनी उलटतपासणीत आरोपीचा वकील विचारतो, "ही संस्थेची माणसं घरी येत होती ना? त्यांनीच सांगितलं ना असं बोला म्हणून?" त्या घटकेला आपली सगळी माया त्या घराच्या विरोधात उभी राहते.

त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली तर? तोंड दाबायचं नाही. ऐकायचं, जोडायचं काही नाही, आणि नवीन काही असेल तर "हे तपास अधिकाऱ्यांना सांगितलंत का?" एवढंच विचारायचं.

नोंदवहीतही तेच. भेटीची तारीख, काय हवं होतं, कोण काय करणार आहे. घटनेचा तपशील नको, आपले तर्क नकोत. वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला कायद्याचं संरक्षण असतं, आपल्या वहीला नाही. ती कोर्टात मागवली जाऊ शकते असं धरूनच प्रत्येक ओळ लिहा. त्यामुळे "तुम्ही सांगाल ते कुठंच जाणार नाही" असं वचन कुणालाही देऊ नका.

वचनांचा मोह मोठा असतो. "फाशी होणारच", "आम्ही आहोत ना, काळजी नको." नव्या सहकाऱ्याच्या तोंडून हे निघालं की मी त्याला दारातच थांबवते. देता येईल असं वचन एकच, पुढच्या भेटीची तारीख. त्यातही एक गंमत आहे. आपल्याकडे सुतकाच्या घरातून निघताना "येतो" म्हणत नाहीत, नुसतं उठून जातात. पहिल्या वर्षी आमची माणसं रीत पाळून गुपचूप निघायची आणि घरच्यांना वाटायचं, हेही गेले. आता बोलण्याच्या मध्येच कागदावर लिहून देतो, "मंगळवारी, अकरा वाजता," खाली नाव. निघताना मग न बोलता निघतो.

कागद आणि तारखा

हा भाग किचकट आहे पण इथंच पथक उपयोगी पडतं, म्हणून सावकाश वाचा.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. खुनाला आता कलम १०३, त्याआधीच्या घटनांना भारतीय दंड विधानाचं ३०२. तुमच्या वहीत दोन्ही राहतील. गावात अजून सगळे "तीनशे दोन"च म्हणतात, दुरुस्त करत बसू नका.

पहिल्या आठवड्यात एफआयआरची प्रत हाती आली पाहिजे. ती फुकट मिळते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या नव्या कायद्याच्या, कलम १७३ मध्येच तसं आहे. पुढे कंसात दिलेली कलमंही याच संहितेची. तपासाचं काय चाललंय हे पोलिसांनी नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं आहे (कलम १९३). 'पीडित' या शब्दात वारसही येतात, हे घरच्यांना मुद्दाम सांगा. त्यांना वाटतं, आपण नुसते नातेवाईक.

नव्वदावा दिवस वहीत लाल शाईने लिहा. आरोपी कोठडीत असेल आणि तोवर दोषारोपपत्र दाखल झालं नाही, तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो (कलम १८७). तो सुटून गावात आला की घर कोसळतं, कारण "सुटला" याचा अर्थ त्यांच्या लेखी "निर्दोष सुटला" असाच असतो. जामीन म्हणजे काय हे साठाव्या दिवशीच समजावून ठेवा. सुटल्यावर सांगायला गेलात तर कुणी ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतं. धमकीची भीती असेल तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ ला ही योजना देशभर लागू केली.

सरकारी वकील राज्याची बाजू मांडतात. घरच्यांना स्वतःचा वकील त्यांच्या मदतीला देता येतो, आणि असा वकील असेल तर दोषारोपपत्राची प्रतही मिळते (कलम २३०). परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. मोफत वकिलासाठी तिथं बाई, मूल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस यांना उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००. जामिनाच्या वेळीही पीडिताला ऐकून घेतलं पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने लखीमपूर खेरीच्या प्रकरणात एप्रिल २०२२ मध्ये स्पष्ट केलं. ॲट्रॉसिटीचं कलम लागलं असेल तर कोर्टातल्या प्रत्येक कामकाजाची आगाऊ सूचना मिळणं हा कलम १५ अ खालचा हक्कच आहे.

प्रत्येक केसचा सीएनआर, म्हणजे कोर्टाने केसला दिलेला सोळा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, वहीच्या पानावर ठळक लिहा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तो टाकला की पुढची तारीख दिसते. पण ॲपवर भिस्त ठेवून आदल्या संध्याकाळी कोर्टाच्या शिपायाला फोन करायचं विसरू नका.

पैशाचं

पैशाचं बोलायला सगळेच लाजतात, आणि लाजण्यात महिने निघून जातात. पीडित भरपाईचा अर्ज (कलम ३९६) जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. आरोपी सापडलेला नसला तरीही करता येतो. चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करायची असते. मृत बाई असेल तर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१८ च्या योजनेत पाच ते दहा लाखांची तरतूद आहे. ॲट्रॉसिटीखालच्या खुनात २०१६ च्या नियमांनुसार सव्वाआठ लाख, निम्मे शवविच्छेदनानंतर, निम्मे दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर. शिवाय निवृत्तिवेतनासारख्या तरतुदी वेगळ्या. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे वीस हजार. मुलांसाठी बालसंगोपन योजना.

अर्ज भरायला मदत करा, बँकेपर्यंत बरोबर जा, पण रोख रक्कम हातात घेऊ नका. रिक्षाचे वीस रुपयेसुद्धा वहीत लिहून.

घरातल्यानेच मारलं असेल तर

खून परक्याने केला तर घर एका बाजूला असतं. नवऱ्याने बायकोला मारलं, भावाने भावाला, तर 'घरचे' कोण, हाच प्रश्न होतो. माहेर एकीकडे, सासर दुसरीकडे, आणि मुलं बहुतेक वेळा अजून सासरीच. इथं एकच जोडी दोन्हीकडे पाठवू नका. एका बाजूचा शब्द दुसऱ्या बाजूला गेला नाही तरी गेल्याचा संशय येतो. आमचं काम माहेर आणि मुलं यांच्याबरोबर. आजी-आजोबांच्या भांडणात मुलं कुठं राहतील हे पथकाने ठरवायचं नाही, बालकल्याण समितीपुढे न्यायचं. खून करणाऱ्याला मारलेल्याचा वारसा मिळत नाही, हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम २५ तसं सांगतं. तलाठ्याकडे फेरफार होण्याआधी ते कुणाच्या तरी लक्षात असलं पाहिजे.

मुलांना काय सांगायचं? "आई देवाघरी गेली", "आई झोपली" यातून पुढे झोपेची भीती बसते, आणि शाळेत कुणीतरी खरं सांगतंच. म्हणून मुलाचा ज्याच्यावर सर्वांत जास्त भरवसा आहे त्याच्याकडून, दोन साध्या वाक्यांत: "बाबांनी आईला मारलं. त्यात आई मेली. तुझ्यामुळे नाही." मग गप्प. मूल खेळायला निघून गेलं तर जाऊ द्या. सात वर्षांच्या एकाने हे ऐकून विचारलं होतं, "मग उद्या डबा कोण देणार?" आमची सहकारी ते उत्तर देऊ शकली, कारण मावशीशी तिचं आधीच बोलणं झालं होतं.

कोर्टातले दिवस

खटला किती चालेल? हा प्रश्न पहिल्याच महिन्यात येतो. कोपर्डीचा गुन्हा जुलै २०१६ चा, शिक्षा नोव्हेंबर २०१७ मध्ये सुनावली गेली. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ चा, निकाल १० मे २०२४ ला आला, पाच आरोपींपैकी दोघांना शिक्षा झाली आणि तिघे सुटले. खैरलांजीत २००६ मध्ये सगळं कुटुंब गमावलेले भैयालाल भोतमांगे जानेवारी २०१७ मध्ये गेले, तोवर निकाल सत्र न्यायालयातून उच्च न्यायालयात जाऊन बदललेला होता. मी घरच्यांना ही उदाहरणं सांगत नाही. पथकाला सांगते, म्हणजे कुणी "वर्षभरात होईल" म्हणणार नाही.

साक्षीच्या आधी एक दिवस कुटुंबाला रिकामं कोर्ट दाखवून आणा. पिंजरा कुठं, न्यायाधीश कुठं, आरोपी कुठून येतात, बाथरूम कुठं. व्हरांडा अरुंद असतो आणि आरोपीचे नातेवाईक त्याच बाकावर बसतात, म्हणून जोडीतल्या एकाने मध्ये बसायचं. डबा आणि पाण्याची बाटली घरून न्या. तारीख पडली तरी आलेला दिवस वाया गेलाच, निदान उपाशी जाऊ नये.

आणि मुद्देमाल. हे कुणी आधी सांगत नाही. साक्षीच्या वेळी सील फोडून कपडे बाहेर काढतात आणि विचारतात, "हाच का तो शर्ट?" मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खाकी कागदाचं पुडकं होतं, दोरा, लाखेचा ठिपका. शिपायाने ते टेबलावर झटकलं. शर्ट तीन वर्षं घडी होऊन कडक झालेला. वडील साक्षीच्या पिंजऱ्यात होते. त्यांनी ओळखलं ते डागांवरून नाही, वरून दुसऱ्या बटणावरून. ते बटण निळ्या दोऱ्याने त्यांनीच शिवलं होतं. त्या दिवसानंतर साक्षीला जाणाऱ्या प्रत्येकाला आम्ही आदल्या दिवशी सांगतो, कपडे दाखवतील. काय बोलायचं ते सांगत नाही, फक्त काय दिसेल ते.

निकालाच्या दिवशी पथकातले तिघे तरी हवेत. एक कुटुंबाबरोबर, एक बाहेर पत्रकार थोपवायला, एक घरी थांबलेल्यांकडे. निर्दोष सुटका झाली तर पीडिताला स्वतः अपील करता येतं (कलम ४१३), पण हे त्या संध्याकाळी सांगू नका. चार दिवसांनी जा, मुदत मात्र वहीत त्याच दिवशी लिहा.

पथकाचं काय

दर शुक्रवारी आम्ही दीड तास बसतो. प्रत्येकाने एक घर सांगायचं, आणि त्या घराने आपल्याला काय केलं तेही. सुरुवातीला सगळे "ठीक आहे" म्हणतात. मी शब्दांपेक्षा वागण्याकडे बघते. कोण अचानक जास्त घरं मागतोय, कोण रात्री अकराला कुटुंबाचा फोन घेतोय, कोण स्वतःच्या मुलीला क्लासला एकटी सोडेनासा झालाय. शवागाराची ड्यूटी झालेल्याला दुसऱ्या दिवशी सुट्टी, मागितली नाही तरी. मन फारच बिघडलं तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक कुटुंबांसाठी आहे तसाच आपल्यासाठीही.

प्रमुखाने स्वतःकडे घर घ्यावं का? एक घ्यावं. नाहीतर दोन वर्षांत नुसते अहवाल लिहिणारा माणूस होतो. पण माझ्या त्या एका घराबद्दल शुक्रवारी मला प्रश्न विचारण्याचा हक्क सगळ्यांना आहे, आणि ते विचारतात.

शिक्षा झाली म्हणजे पान बंद होत नाही. अपील असतं, आणि पॅरोल-फर्लोवर, म्हणजे तुरुंगातून मिळणाऱ्या रजेवर, शिक्षा झालेला माणूस गावी येतो. एसटी स्टँडवर तो अचानक समोर उभा दिसणं आणि तो येणार आहे हे आठ दिवस आधी ठाऊक असणं यात फार फरक आहे. पोलीस ठाण्यात विचारत राहा. वर्षश्राद्ध, वाढदिवस, भाऊबीज याही तारखा त्याच पानावर. भाऊबीजेला फोन करून "कशा आहात" विचारू नका, त्यांना उत्तर द्यावं लागतं. "आज तुमची आठवण आली" एवढं पुरे.

सहकारी पथक सोडतो तेव्हा फोनवरून निरोप नको. गेल्या महिन्यात आमचा एक जण नोकरीसाठी पुण्याला गेला. जाण्याआधी तो नव्या मुलीला घेऊन चारही घरी जाऊन आला. एका घरी आजीने दोघांना चहा दिला, नवीन मुलीकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "तू मंगळवारीच येणार का?" तिने वही उघडली, तारीख बघितली आणि म्हणाली, "अकरा वाजता."